दिवसा खार, रात्री उंदीर: केळीपट्ट्यातील एका घराचे प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: खारींनी उच्छाद मांडला आहे, स्वस्तातला पिंजरा कोणता घ्यावा?

घर जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या केळीपट्ट्यात. एप्रिलचा दुसरा आठवडा, आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलेली, गच्चीवर रोज वाळवण. कुरडया, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, शेवया. घरच्यांनी सांगितलेली नुकसानीची यादी अशी: कुरडयांचे अर्धवट खाल्लेले तुकडे गच्चीभर पसरलेले. भुईमुगाच्या शेंगांचे पोते वरून कुरतडलेले आणि टरफलांचा ढीग कठड्यावर. दादर ज्वारीच्या पोत्याला खालून भोक. पडवीतल्या पंख्याच्या वायरीचे आवरण सोललेले. परसातल्या ठिबकच्या नळीला पाच ठिकाणी चावे. आणि माळ्यावर रात्रभर खुडबुड.

या यादीतली शेवटची तक्रार बाकीच्या सगळ्यांवर शंका घ्यायला लावते. पट्टेवाली खार सूर्य उगवल्यावर हिंडते आणि अंधार पडायच्या आत घरट्यात शिरते. रात्री अकराला माळ्यावर पळणारे जनावर खार नसते. म्हणजे या घरात निदान दोन गुन्हेगार होते आणि दोघांची शिक्षा एकट्या खारीच्या माथी मारली जात होती.

घराची बांधणी

पुढचा भाग जुना, धाब्याचा. सागाचे सर (आडव्या तुळया), वर मातीचे धाबे (सपाट छत), आत लाकडी माळा आणि त्याखाली धान्याची खोली. मागे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे स्लॅबचे स्वयंपाकघर, त्याची गच्ची वाळवणाला. दोन्हींच्या मध्ये १६ फूट लांबीची पडवी, तिच्यावर पन्हळी सिमेंटचे पत्रे. परसात एक मोठा निंब (कडुनिंब). त्याची एक फांदी गच्चीच्या कठड्यापासून हातभर अंतरावर, आणि निंबाच्या बुंध्यापासून गच्चीवरच्या गजापर्यंत कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी.

पडवीच्या पत्र्याकडे बारकाईने पाहावे लागते. सिमेंटच्या पन्हळी पत्र्याच्या एका पन्हळीची रुंदी १४६ मिलिमीटर आणि खोली ४८ मिलिमीटर असते. पत्रा भिंतीवर टेकला की प्रत्येक पन्हळीखाली एक कमानदार खाच मोकळी राहते. पाच सेंटिमीटर उंचीच्या भोकातून खार न वाकता आत जाते, उंदराला तर दोन सेंटिमीटरही पुरतात. १६ फुटांत अशा ३३ खाचा. गवंडी त्या बुजवत नाहीत, कारण पाऊस तिथून आत येत नाही. नळीदार लोखंडी पत्र्याची पन्हळ जेमतेम पावणेदोन-दोन सेंटिमीटर खोल असते. त्यातून खारीचा त्रास कमी, उंदराचा मात्र तोच.

रांगोळीची चाचणी

पिंजरा घेण्याआधी तीन दिवस फक्त रांगोळी वापरली. पांढरी बारीक रांगोळी किंवा चाळलेली राख, कोणतीही चालते. एक फूट लांब-रुंद पट्टा, थर इतका पातळ की खालची फरशी पुसट दिसावी. जाड थरात पाय रुततात आणि ठसा बिघडतो. पट्टे सहा ठिकाणी घातले: गच्चीच्या कठड्यावर दोन, पडवीच्या भिंतीच्या डोक्यावर एक, धान्याच्या खोलीत भिंतीलगत दोन, माळ्याच्या शिडीपाशी एक.

चाचणीचा सगळा अर्थ वेळेत आहे. पहाटे उजाडण्याआधी पट्टे पाहायचे, लिहून ठेवायचे, पुसून नवी रांगोळी टाकायची. पुन्हा दिवेलागणीला तेच. पहाटेचा ठसा रात्रीच्या जनावराचा, संध्याकाळचा दिवसाच्या. दिवसातून एकदाच पाहिले तर काही कळत नाही, कारण खार आणि उंदीर दोघांच्याही पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला पाच बोटे उमटतात. फरक असतो तो चालीत. खार उड्या मारत जाते, म्हणून ठशांचे जोडीजोडीने पुंजके दिसतात आणि शेपूट वर असल्याने रेघ नसते. उंदीर भिंत धरून चालतो आणि मधूनच शेपटीची बारीक रेघ सोडतो.

तीन दिवसांचे वाचन एकसारखे आले. कठडा आणि पडवीच्या भिंतीचे डोके: फक्त संध्याकाळी ठसे. धान्याची खोली आणि माळा: फक्त पहाटे. माळ्याच्या सरांवर, जिथे जनावर अंग घासत जाते तिथे, काळपट तेलकट डागही होते. तो घरउंदराचा रोजचा रस्ता. दोन्ही टोकांना निमुळत्या, सेंटिमीटरभर लांब लेंड्या पोत्याखाली सापडल्या. पोते खालून फोडणारा उंदीर, वरून शेंगा काढून उघड्यावर बसून खाणारी खार. टरफलांचा ढीग कठड्यावर होता, यातच उत्तर होते: उंदीर उघड्यावर बसून जेवत नाही, माल ओढून आडोशाला नेतो.

खारीला पिंजरा का नाही

इथे घरच्यांचा आग्रह मोडावा लागला. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ यात ‘शिकार’ या शब्दात मारण्याबरोबरच पकडणे, फासे-सापळे लावणे, आमिष टाकणे, विष घालणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे येते. पाच पट्ट्यांच्या खारीचे नाव या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होते आणि उंदीर मात्र पाचव्या, उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत. २०२२ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२३ पासून, अनुसूच्यांची मांडणी बदलली. घरगुती निर्णयासाठी खार वन्यप्राणी धरूनच चालावे. तिला पकडण्याखेरीज गत्यंतर नाही असे वाटले तर आधी वनपरिक्षेत्र कार्यालयाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकाला विचारावे.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. निंब, शेंगा आणि पत्र्याखालची भोके जागच्या जागी असताना एक खार नेली तर तिची जागा दुसरी घेते. दूर नेऊन सोडलेल्या खारीला तिथल्या खारी टिकू देत नाहीत. आणि उन्हाळ्यात पकडलेली मादी लेकुरवाळी असण्याची शक्यता मोठी. एका वेताला दोन ते चार पिल्ले. आई गेली की ती घरट्यात मरतात आणि आठवडाभर पडवीत बसवत नाही. रामाने पाठीवरून बोटे फिरवली म्हणून खार मारू नये, असे घरातल्या आजी म्हणत होत्या. निष्कर्ष तोच, रस्ता वेगळा.

विषाचा पर्याय दोन्ही जनावरांसाठी नाकारला. शेतात वापरतात ती काळपट झिंक फॉस्फाइडची पावडर पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन वायू सोडते आणि त्याला उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट माणसाचे यकृत निकामी करते, तिलाही उतारा नाही. ज्या गच्चीवर पापड वाळतात आणि पोरे खेळतात तिथे या दोन्हींचे नावही काढू नये. चिकट बोर्डावर उंदराआधी पाल, चिमणी आणि खारीचे पिल्लू चिकटते. कुणी तो लावलाच आणि खार चिकटली, तर ओढू नये. खाण्याचे तेल बोटाने थोडे थोडे चोळत सोडवावे.

उंदरासाठी सापळा

सामान: तारेचे दोन एकेरी पिंजरे, प्रत्येकी सुमारे २०० रुपये, आणि दोन लाकडी चाप (स्प्रिंगचे सापळे), प्रत्येकी ४० रुपये. पिंजरा घेताना दुकानातच तीन गोष्टी पाहाव्यात. आमिष अडकवायचा आकडा गवताच्या काडीने हलवला तरी झडप पडली पाहिजे. पडलेली झडप आतून बोटाने ढकलून उघडता कामा नये. आणि जाळीच्या तारांचे जोड मागच्या कोपऱ्यात सुटलेले नसावेत, उंदीर पहिल्यांदा तिथेच जोर लावतो. नवा पिंजरा कढत पाण्याने धुऊन दिवसभर उन्हात ठेवला की यंत्राच्या तेलाचा वास जातो. फिनाइल लावू नये.

घरउंदीर नव्या वस्तूला बिचकतो. रोजच्या वाटेवर काल नसलेली वस्तू दिसली की दोन-तीन रात्री वळसा घालतो. म्हणून पहिल्या चार रात्री पिंजरे आणि चाप आमिषासह ठेवले, पण झडप तारेने वर बांधून आणि चाप न ताणता. दुसऱ्या रात्रीपर्यंत आमिष शिल्लक, तिसऱ्या रात्री एकातले गेले, चौथ्या रात्री चारही रिकामे. पाचव्या रात्री झडप सोडली. बहुतेक घरांत पहिल्याच रात्री पिंजरा लावतात, एक तरुण उंदीर सापडतो आणि बाकीचे कायमचे शहाणे होतात.

आमिष: भाकरीचा करंगळीच्या पेराएवढा तुकडा, शेंगदाण्याच्या तेलात बुडवलेला. पण घरउंदीर असा तुकडा हळूच काढून नेतो आणि झडप तशीच राहते. या घरात पाचव्या रात्री नेमके हेच झाले. उपाय म्हणून भाजलेल्या दाण्यांचे कूट सुती फडक्यात बांधून पुरचुंडी दोऱ्याने आकड्याला गच्च आवळली. फडके ओढल्याशिवाय खाता येत नाही आणि ओढले की झडप पडते.

जागा: भिंतीलगत, पिंजऱ्याचे तोंड भिंतीला समांतर, काळे डाग असलेल्या वाटेवर. खोलीच्या मध्ये ठेवलेला पिंजरा शोभेचा. दोन पिंजरे धान्याच्या खोलीत पाठीला पाठ लावून ठेवले, म्हणजे कोणत्याही बाजूने येणाऱ्याला एक तोंड उघडे. चाप माळ्यावर, आमिषाची बाजू भिंतीला टेकवून. त्यांच्यावर उलटा लाकडी खोका, खोक्याच्या दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटिमीटरच्या खाचा. खोक्यामुळे मांजराचा पंजा आणि मुलांचे हात वाचतात.

वेळ हा यातला सगळ्यात कडक नियम होता. सापळा अंधार पडल्यावर लावायचा आणि उजाडण्याआधी बंद करायचा. खारीला रात्रीच्या सापळ्यापासून धोका नाही, दिवसाच्या सापळ्याला उंदीर येत नाही. वेळ पाळली की चुकीचे जनावर सापडायचा प्रश्न मिटतो.

तो नियम एकदा मोडला गेला. सातव्या दिवशी घरातल्या एकाने एक पिंजरा दाणे घालून भरदुपारी गच्चीवर नेऊन ठेवला. अर्ध्या तासात खार आत. जळगाव-भुसावळकडे त्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि गच्चीवरची तार त्याहून तापते. शंभर-सव्वाशे ग्रॅमचे जनावर तोंड उघडे टाकून धापा टाकत होते. पिंजऱ्यावर गोणपाट टाकले (अंधार झाला की खार शांत होते, जाळीवर तोंड आपटत नाही), उचलून निंबाच्या सावलीत नेला, झडप लांबून काठीने उघडली आणि माणसे मागे सरली. खार पाच मिनिटे बाहेर आली नाही, मग बुंध्यावर चढली. आणखी तासभर उशीर झाला असता तर मेलेलीच काढावी लागली असती. अशा वेळी खारीला हाताने धरू नये. ती कडकडून चावते आणि मग डॉक्टरकडे जावेच लागते.

सापळे लावल्यापासून नऊ रात्रींत पाच उंदीर मिळाले: तीन चापांत, दोन पिंजऱ्यांत. नंतर सलग चार रात्री काही नाही आणि रांगोळीही कोरी. पिंजऱ्यातले दोन घरच्यांनी नाल्यापलीकडे नेऊन सोडले. हे अर्धेच काम आहे, कारण तो उंदीर दुसऱ्याच्या खळ्यात जातो किंवा परत येतो. मारायचे नक्की असेल तर चापच बरा, जीव क्षणात जातो. उंदीर किंवा पिंजरा हाताळताना रबरी हातमोजे, नंतर साबणाने हात आणि कढत पाण्याने पिंजरा धुवावा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

धान्याच्या खोलीत आणखी एवढेच केले: पोती विटांवर फळ्या टाकून वीतभर उंच आणि भिंतीपासून फूटभर लांब ठेवली. फोडलेल्या पोत्यातली दादर निवडून पत्र्याच्या कोठीत भरली.

पत्र्याखालचे घरटे

३३ खाचांपैकी सातव्या खाचेतून कापूस आणि सुतळीचे धागे बाहेर लोंबत होते. या भागात खारीच्या घरट्यात कापूस सापडणे नवल नाही. सकाळी कान लावला तर बारीक चिरचिर ऐकू यायची. म्हणजे पिल्ले होती. डोळे उघडायलाच त्यांना तीन आठवड्यांहून जास्त लागतात, आईचे दूध सुटायला दोन महिन्यांच्या आसपास. घरातल्यांना लगेच सगळ्या खाचा लिंपायच्या होत्या. तसे केले असते तर आईने वायर, वासा, जे समोर येईल ते कुरतडून वाट काढली असती. ती बाहेर अडकली असती तर आत पिल्ले कुजली असती.

म्हणून ३२ खाचा बुजवल्या आणि सातवी तशीच ठेवली.

बुजवायची रीत: अर्ध्या इंची चौकोनांची गॅल्व्हनाइज्ड (जस्त चढवलेली) वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंगने जोडलेल्या तारांची जाळी. प्रत्येक खाचेला १२ × १५ सेंटिमीटरचा तुकडा. १५ सेंटिमीटरची बाजू गुंडाळली की जवळजवळ ४८ मिलिमीटर जाडीची नळी होते, म्हणजे पन्हळीच्या खोलीइतकीच. ती खाचेत आडवी दाबून बसवायची, तारेची टोके आतल्या बाजूला. वर एकास चार सिमेंट-वाळूचा घट्ट गिलावा, बोटाने जाळीच्या चौकोनांत दाबून. तुकड्यांना एकूण ०.६ चौरस मीटर जाळी लागते, म्हणजे तीन फूट पन्न्याची सव्वादोन फूट. कापताना चुका होतात, चार फूट घ्यावी. सिमेंट दोन किलो पुरते, सुटे पाच किलो घेतले तर अंगणातली घुशीची भोकेही उरकतात.

आधी कुक्कुटपालनाची षटकोनी जाळी वापरून झाली होती. तिची तार बारीक, आठवड्यात दोन ठिकाणी उसकटली. दुसरी गफलत गिलाव्याची. पहिल्या दिवशी भरदुपारी बारा खाचा भरल्या आणि पाणी मारले नाही. तिसऱ्या दिवशी पाच खाचांतला गिलावा वाळून सुटला. मे महिन्याच्या झळीत सिमेंट घट्ट होण्याआधीच त्यातले पाणी उडते. संध्याकाळी भरून रात्रभर ओले गोणपाट लावले आणि पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारले, तेव्हा बसले. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते करवतीने कापू नयेत, घासू नयेत. साफ करायचे तर आधी पाणी मारावे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तीन लहान खारी पत्र्यावर पळताना दिसल्या. आता सातव्या खाचेची पाळी. आधी चुरगळलेला वर्तमानपत्राचा बोळा सैलसर बसवला. तीन दिवस बोळा जागेवर राहिला तर घरटे रिकामे समजायचे. इथे रोज संध्याकाळी तो बाहेर पडलेला दिसे. आई अजून झोपायला येत होती. मग एकतर्फी दार केले: ठिबकच्या कामातून उरलेला ६३ मिलिमीटर पीव्हीसी पाइपाचा फूटभर तुकडा, आतले टोक खाचेपाशी आणि भोवती जाळी. ६३ मिलिमीटरचा पाइप ४८ च्या खाचेत शिरत नाही, म्हणून ते टोक गरम पाण्यात मऊ करून चपटे केले. बाहेरचे टोक खाली उतरते आणि भिंतीपासून वीतभर पुढे आलेले. त्या टोकावर तेलाच्या डब्याच्या पत्र्याची गोल झडप वरून एका तारेने टांगलेली, पाइपाच्या तोंडाहून सर्व बाजूंनी सेंटिमीटरभर मोठी. आतून ढकलली की उघडते, बाहेरून आपल्या वजनाने बंद. पाय टेकायला जागा नसल्याने खारीला ती नखाने उचलता येत नाही. पत्र्याची कड दुमडून घ्यावी, नाहीतर जनावर कापते. झडप रोज एकदा बोटाने हलवून पाहिली, कारण वादळाच्या धुळीने तारेचे कडे जाम होते. पाच दिवसांनी आत हालचाल नाही याची खात्री करून पाइप काढला आणि उरलेली सातवी खाचही बुजवली. जूनचा पहिला आठवडा होता, मृगाचा पाऊस यायच्या आत.

सोललेली पंख्याची वायर वायरमनने बदलून लोखंडी लवचीक नळीतून नेली. नुसती टेप गुंडाळणे निरुपयोगी. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला तिला मऊ प्लॅस्टिक आवडते आणि टेप त्याहून मऊ.

निंब, दोरी आणि वाळवण

कठड्याजवळची फांदी तोडून झाड आणि घर यांत आठ फुटांचे अंतर केले. बुंध्याला पत्र्याचा पट्टा बांधला. १५ किलोचा तेलाचा चौकोनी डबा तळ-झाकण काढून उभा कापला की सुमारे ९४ × ३५ सेंटिमीटरचा पत्रा मिळतो. बुंध्याचा घेर ८० सेंटिमीटर होता, म्हणून एका डब्यात वेढा पूर्ण. असे दोन पत्रे पाच सेंटिमीटर एकमेकांवर चढवून ६५ सेंटिमीटरची गुळगुळीत पट्टी झाली, जमिनीपासून सहा फुटांवर. खिळे मारले नाहीत. बांधणीच्या तारेला मध्ये सायकलच्या कॅरियरची जुनी स्प्रिंग दिली, म्हणजे बुंधा वाढला की ताणते, झाड चिरत नाही.

पट्टा लागला, फांदी गेली आणि दुसऱ्या सकाळी खारी पुन्हा गच्चीवर. त्या कपड्यांच्या दोरीवरून येत होत्या. दोरीचे निंबाकडचे टोक सोडून अंगणात वेगळ्या खांबाला बांधल्यावर वाट तुटली. महावितरणच्या सर्व्हिस वायरवरूनही खारी येतात. त्या तारेला घरच्यांनी हात लावायचा नाही, नळ्या घालायच्या नाहीत.

तरीही भिंतीच्या खरबरीत विटांवरून एखादी वर चढतेच. गच्ची पूर्ण बंद करणे या पैशात होत नाही आणि तशी गरजही नव्हती. पिंजरा खारीला नाही तर वाळवणाला केला. जुन्या सागाच्या पट्ट्यांची सहा बाय तीन फुटांची चौकट, पट्टीची उंची चार इंच, वर तीच वेल्डमेश. तीन फूट पन्ना असल्याने जाळीला जोड लागला नाही. चार इंच उंची हवीच. जाळी वाळवणाला टेकली तर खार चौकोनातून दात घालून कुरडईचे टोक तोडते.

पहिल्यांदा हे झाकण बाजेवर ठेवले, वर पापड. खार खालून आली, बाजेच्या विणीतून फडके फाडले आणि पापड नेले. मग झाकण सरळ गच्चीच्या फरशीवर धुतलेल्या कापडावर ठेवले, चार कोपऱ्यांना विटा. फरशी असमान असेल तिथे कडेला कापडाची गुंडाळी. नायलॉनची मच्छरदाणी किंवा जुनी साडी माश्यांना थांबवते, खारीला नाही.

ठिबकच्या नळीचे दुखणे भूक नसून तहान होते. पाचही चावे दुपारी, उघड्या नळीवर, शेजारी-शेजारी दोन दातांच्या खुणा. चावलेला भाग पाच सेंटिमीटर कापून १६ मिलिमीटरचे जॉइनर टाकले, नळी दोन-तीन इंच मातीखाली घातली आणि निंबापलीकडे, गच्चीपासून लांब, मातीचे पसरट भांडे रोज सकाळी भरून ठेवले. नवा चावा आला नाही. भांडे चार दिवस कोरडे राहिले तेव्हा मात्र एक आला.

खर्च

जाळी ३० चौरस फूट, २० रुपये दराने ६००. पिंजरे ४००, चाप ८०. तेलाचे रिकामे डबे दोन, ८०. सिमेंट-वाळू ६०. बांधणीची तार ४०. लवचीक नळी दोन मीटर, ८०. जॉइनर २०. एकूण १,३६० रुपये, वायरमनची मजुरी वेगळी. दर गावागणिक थोडे इकडे-तिकडे होतील. हात आखडायचाच असेल तर दुसरा पिंजरा वगळावा, जाळी वगळू नये.

झाकण ठेवल्यावर पहिले दोन दिवस खारी जाळीवर नाचल्या, कोपऱ्यांत नाक घातले, मग निंबोळ्यांकडे वळल्या. शेंगांचे पोते आता कोठीत असते. पुढची तपासणी दिवाळीआधी, नवा कापूस घरात यायच्या आत: ३३ खाचा बोटाने दाबून पाहायच्या, बुंध्याच्या पट्ट्याची स्प्रिंग पाहायची, निंबाची नवी फूट आठ फुटांच्या आत आली असेल तर छाटायची आणि माळ्याच्या शिडीपाशी दोन रात्री पुन्हा रांगोळी टाकायची.